मदत हवी आहे: पुण्याच्या कसबा पेठेतला जुना बोळ रुंदीकरणातून कसा वाचवायचा?

दोन वाड्यांमधून जाणारा बोळ आहे. रुंदी कुठे सव्वा मीटर, कुठे पावणेदोन. काळ्या दगडाच्या फरसबंदीवर काँक्रीटचा थर टाकलेला आहे. एक वाडा पाडून इमारत होणार आहे. बोळ आहे तेवढाच राहावा, दगड पुन्हा दिसावेत. सुरुवात कुठून करू? भिंतींना ओलही चढते आहे.

प्रतिसाद १

दगडांना हात लावण्याआधी कागद काढा. नगर भूमापन कार्यालयातून नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या मिळकत पत्रिका घ्या. पत्रिकेत ‘सुविधाधिकार’ (दुसऱ्याच्या जागेतून वाट वगैरे वापरण्याचा हक्क) हा रकाना असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. बोळ एखाद्या वाड्याच्या हद्दीत मोडत असेल तर येण्याजाण्याची वहिवाट तिथे नोंदली आहे का पाहा. नोंद नसली तरी 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 15 आहे: हक्क म्हणून उघडपणे, विनाखंड 20 वर्षांची वहिवाट. वाट अडवली गेली तर दोन वर्षांच्या आत दावा लावा.

जागा महापालिकेची असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्तारेषा (रस्त्याची ठरवलेली हद्द, नवं बांधकाम तिच्यामागेच करावं लागतं) आखली आहे का, हे लेखी विचारा. खरा धोका इथे आहे. जो वाडा नव्याने बांधायला निघतो तोच रेषेमागे सरकतो, शेजारचा जागेवरच राहतो. बोळाची कड करवतीच्या दातांसारखी होते आणि गाडी तरीही आत जात नाही! रेषा विकास आराखड्यातली असेल तर 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली फेरबदल मागा. त्यात हरकतींना एक महिना मिळतो. सोबत दर दोन मीटरवर रुंदी, जोत्याची उंची आणि दारं दाखवणारा मोजणी नकाशा जोडा. आगीच्या बंबाचा मुद्दा निघणारच, म्हणून बोळाच्या तोंडाशी हायड्रंट (आग विझवायला पाणी देणारा नळ) त्याच अर्जात मागा.

प्रतिसाद २

ओलीबद्दल: दगडांच्या सांध्यांतून ओल वर उडून जायची. काँक्रीटने ती वाट बंद झाली की पाणी जोत्यात शिरतं आणि लाकडी खांबांचे बुंधे कुजतात. जोत्याच्या किती पायऱ्या गाडल्या गेल्यात तेही मोजा.

काँक्रीट फोडायला ब्रेकर मशीन लावू नका, मातीत बांधलेलं जोतं हादऱ्याने सुटतं. छन्नी-हातोड्याने एका वेळी मीटरभर पट्टाच काढा. प्रत्येक दगडावर गेरूने नंबर घाला, फोटो घ्या. गुळगुळीत झिजलेली बाजू वरच हवी. गवंडी ‘नवी बाजू’ म्हणून दगड उलटवतात, तिथे उभं राहून थांबवा. पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन आधी बदलून घ्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा खणतील. मग 50 मिमी वाळूवर दगड बसवा, साठ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असा उतार मधल्या पन्हळीकडे द्या, भिंतीकडे कधीच नको. सांध्यांत एक भाग चुना, तीन भाग वाळू. सिमेंट अजिबात नको. वर आठवडाभर ओली गोणपाटं ठेवा.