रजिस्ट्री म्हणजे निर्वेध मालकी नव्हे
छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात तुम्ही पाहिलेल्या गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटबद्दल विक्रेता ‘रजिस्ट्री करून देतो, मग जुने कागद कशाला?’ असे म्हणतो, हे तुम्ही लिहिलेले वाचून काळजी वाटली. दुय्यम निबंधक दस्त नोंदवून घेतात. विक्रेत्याची मालकी निर्वेध असल्याची हमी ते देत नाहीत.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे आपल्याकडे इनाम व मदतमाश (पूर्वीच्या राजवटीने सेवेसाठी किंवा निर्वाहासाठी दिलेल्या, विक्रीवर बंधने असलेल्या) आणि कुळाच्या जमिनींचा इतिहास मागे लागलेला असतो, आणि तो चालू सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. मी इसार (आगाऊ रक्कम) दिलेल्या एका प्लॉटचा सातबारा अगदी स्वच्छ होता. पण तहसीलमधून १९५४-५५ चे खासरा पत्रक (मराठवाड्यातील जमिनींची जुनी नोंद) काढले, तेव्हा त्याच सर्व्हे नंबरपुढे फिकट शाईत ‘इनाम’ असा शब्द होता. व्यवहार मोडला, आणि इसाराचे पैसे परत मिळवण्यात आठ महिने गेले. म्हणून खासरा पत्रक, त्यानंतरचे सर्व फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) आणि वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल हातात आल्याशिवाय इसार देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

गुंठेवारीचा मूळ कायदा २००१ चा असून पुढील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली आहे. तेव्हा महापालिकेचे नियमितीकरण प्रमाणपत्र आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारा. त्यावाचून बँका गृहकर्जाला सहसा तयार होत नाहीत. शिवाय त्या गल्लीत मे महिन्यात नळाला पाणी येते की टँकर, हे शेजाऱ्यांनाच विचारावे.