पावसाळी वाटप : कागदावर बाटलीचं माप कोणतं छापायचं?

प्रेषक : सचिव
नमस्कार मंडळी,
वाटपाच्या पिशवीतला माहितीचा कागद छापखान्याला शुक्रवारी द्यायचा आहे. इथे लागोसमध्ये (नायजेरिया) आपल्याकडच्या ड्रायव्हर, स्वयंपाकी, वॉचमन यांच्या घरी जाणाऱ्या पिशव्या तयार आहेत : ओआरएसची पाकिटं, झिंकच्या गोळ्या, साबण. कागदाची जुलाबाची बाजू मागच्या वेळचीच ठेवली आहे : ६०० मिली पाणी (बिअरची एक बाटली किंवा ‘मिनरल’च्या, म्हणजे इथल्या सॉफ्ट ड्रिंकच्या, दोन), सपाट चमचा मीठ, दहा सपाट चमचे साखर. कोणाची हरकत?

प्रेषक : इलुपेजूची ताई
माझी आहे, आणि मागच्या वेळीही होती. ही कृती इथली जुनी, प्रचारातली. पण तिच्यातला चमचा ३ मिलीचा आहे. आज घराघरात ५ मिलीचा चमचा असतो. त्याने चमचाभर मीठ म्हणजे जवळजवळ ६ ग्रॅम, तेही ६०० मिलीत. ओआरएसच्या पाकिटात लिटरला मीठ २.६ ग्रॅम असतं. लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम एवढ्या मिठाने चढलं तर झटके येतात.
शिवाय ‘दोन मिनरल’चा हिशोब काचेच्या लहान बाटल्यांचा. आता प्लास्टिकची पेट बाटली ५० सीएलची (५०० मिली) असते, ६० सीएलचीही. दोन बाटल्या म्हणजे एक लिटर की १.२ लिटर, हे आईने कसं ओळखायचं? कृती काढून टाका. फक्त पाकीट, आणि एक लिटर.

प्रेषक : खजिनदार
पाकिटं घरटी दोनच आहेत. संपली की काय? रात्री दोन वाजता मुशिनमध्ये कुठलं केमिस्ट उघडं असतं? घरगुती कृती हवीच.

प्रेषक : डॉक्टरकाका
दोघांचंही खरं आहे. कृती ठेवा, पण ही : एक लिटर पाणी, ५ मिलीच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ला चित्र काढा, सुरीच्या पाठीने चमचा सपाट करताना दाखवा. शीग भरलेला चमचा मीठ दुप्पटही करू शकतो.
लिटर मोजायला प्युअर वॉटरच्या (पिण्याच्या पाण्याच्या सीलबंद) ५० सीएलच्या दोन पिशव्या सांगा. वस्तीत सगळीकडे मिळतात. पिशवी आधी साबणाने धुवायची, मग कोपरा कात्रीने कापायचा, दाताने नाही. नाफ्डॅकचा (इथल्या अन्न-औषध नियामक संस्थेचा) नंबर नसलेली पिशवी असेल किंवा पाणी विहिरीचं असेल तर एक मिनिट खळखळून उकळायचं, गार करायचं आणि मग पूड घालायची. पूड घातल्यावर उकळायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

प्रेषक : अपापाच्या वहिनी
पिशव्या पूर्ण ५० सीएल भरतात कुठे?

प्रेषक : डॉक्टरकाका
वहिनी, लिटरऐवजी ९०० मिली झालं तर द्रावण किंचित दाट होतं, त्याने बिघडत नाही. बिघडतं ते एका पिशवीत अख्खं पाकीट ओतल्यावर, कारण तेव्हा ते दुप्पट होतं. त्यामुळे कागदावर ‘दोन पिशव्या’ ठळक हवं. आणि पुण्या-मुंबईहून आणलेली लहान पाकिटं वाटपात मिसळू नका. त्यातली बरीच २०० मिलीची असतात.

प्रेषक : इलुपेजूची ताई
मान्य. पण साखरेबद्दल एक ओळ घाला. इथल्या योरुबा समाजाच्या घरांत ‘जेडी-जेडी’ (जुलाब, मूळव्याधीसारखा त्रास) गोड खाण्याने होतो असं पक्कं मानतात. जुलाब लागलेल्या मुलासाठी आई साखर वगळेल आणि नुसतं मीठ-पाणी पाजेल. आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून नेते ती साखरच. ‘साखर हे इथे औषध आहे’ असं योरुबात आणि पिजिनमध्ये (इथल्या बोली इंग्रजीत) लिहा. मजकूर मी पाहीन, आरोग्याचं पान आमच्या समितीकडेच राहू द्या.

प्रेषक : खजिनदार
पान तुमचंच, ताई. खाण्यात भाताची पेज लिहायची का?

प्रेषक : अपापाच्या वहिनी
पेज आपल्याकडची. इथे पॅप लिहा, अकामू, म्हणजे आंबवलेल्या मक्याची. ती पाण्यासारखी पातळ करतात, म्हणून दाट करून वर चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याची पूड सांगा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, हे सगळ्यांत वर.

प्रेषक : डॉक्टरकाका
प्रमाण : दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यावर १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. झिंक २० मिलिग्रॅम रोज, सहा महिन्यांखाली १०, चमचाभर पाण्यात विरघळवून. जुलाब थांबले तरी दहा दिवस पुरे करायचे. इथेच बहुतेक घरं सोडून देतात. फ्लॅजिल (अँटिबायोटिक) आपल्या मनाने नाही, जुलाब थांबवणारी गोळी मुलांना अजिबात नाही. डोळे खोल, मूल मलूल, पिता येत नाही, शौचात रक्त : लगेच दवाखाना.

प्रेषक : खजिनदार
सोबत ताप असला तर? केमिस्ट सरळ ‘मलेरिया-टायफॉइड’ म्हणून दोन्हीची औषधं बांधून देतो.

प्रेषक : इलुपेजूची ताई
तापाला आधी बोट टोचून मलेरियाची रॅपिड टेस्ट, सरकारी आरोग्य केंद्रात. एकट्या विडाल रक्ततपासणीवर टायफॉइड ठरवायचा नाही. मलेरिया निघाला तर एसीटी (मलेरियाच्या जोड-औषधाच्या गोळ्या, इथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन) वजनाप्रमाणे, तीन दिवसांचे सहाही डोस, दुधाबरोबर किंवा तेलकट घासाबरोबर. हे औषध स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या भावंडासाठी जपून ठेवतात, हे थांबायला हवं. पिशवीत मच्छरदाणी नाहीच का?

प्रेषक : सचिव
मच्छरदाणी बजेटात बसली नाही, ताई. जुलाबाची बाजू अशी : एक पाकीट, दोन पिशव्या, पाकीट नसेल तर डॉक्टरकाकांची सहा-अर्धा कृती. तापाला मागची बाजू देतो. ५ मिलीचे प्लास्टिकचे चमचे पिशवीत टाकता येतील का, खजिनदार? साधारण दोनशे लागतील.

प्रेषक : खजिनदार
बालोगुन मार्केटला उद्या माणूस पाठवतो. चमच्यावर ‘५ मिली’ कोरलेलं असेल तरच घेऊ.