ड्रेस्डेनला शिकतोय, युरोपात नक्की कुठं कुठं फिरू?

इचलकरंजी_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी. मी ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्सला आहे. पहिलं सेमिस्टर कागदपत्रं, रूम शोधणं आणि थंडी यातच गेलं. आता फेब्रुवारीत परीक्षा उरकल्या की एप्रिलपर्यंत मोकळाच आहे (एक लॅब रिपोर्ट सोडला तर) आणि जरा फिरायचंय. घोळ असा की यादी करायला बसलं की पॅरिस, रोम, व्हेनिस, स्वित्झर्लंड, बार्सिलोना, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी ती लांबतच जाते. रूममेटनं तर एक्सेलशीट बनवलीय, दोन आठवड्यांत अकरा शहरं, निम्म्या रात्री बसमध्ये, ती नुसती वाचूनच अंग दुखायला लागलं. आई म्हणते आयफेल टॉवरसमोरचा फोटो पाठव, बाबा म्हणतात आधी मार्कशीटचा फोटो पाठव.

बजेट: ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातून भाडं, विमा, जेवण जाऊन काय उरतं ते इथल्या सगळ्यांना माहितीच आहे. वय २४, शाकाहारी, अंडं चालतं. म्युझियममध्ये दोन तासांच्या वर माझा दम टिकत नाही, पण जुने पूल, किल्ले, रेल्वे स्टेशनं, बाजार म्हणाल तर दिवसभर रमतो. अजून दीड वर्ष इथंच आहे त्यामुळं सगळं आत्ताच उरकायचं नाहीये. कुठलं आधी धरू, कुठलं सोडून देऊ?

लाल_डबा

भावा, ती एक्सेलशीट रूममेटलाच लखलाभ. तू आधी ड्रेस्डेन स्टेशनवरच्या बोर्डाकडं बघ, तिथून सुटणाऱ्या गाड्याच तुझी यादी बनवतील. बर्लिनकडून येणारी युरोसिटी ड्रेस्डेनवरून प्राग, तिथून ब्रनो, ब्रातिस्लाव्हा करत थेट बुडापेस्टला जाते, म्हणजे एकाच लाइनवर तीन देश पडलेत तुझ्या पुढ्यात. प्रागला अडीच तासांच्या आत पोचतोस. जाताना डाव्या बाजूची खिडकी पकड, कारण सीमा येईपर्यंत आणि नंतरही बराच वेळ रूळ एल्ब नदीच्या अगदी काठानं जातात आणि नदी डावीकडं असते, समोर ते वाळूच्या दगडाचे उभे कडे. तिकीट जर्मन साइटवर बघितलंस तसं चेक रेल्वेच्या साइटवरही बघ, बऱ्याचदा तिकडं स्वस्त पडतं.

प्रागचा चार्ल्स ब्रिज तुझ्यासाठीच आहे. १३५७ ला काम सुरू झालेला दगडी पूल, चुन्यात अंडी घातली होती अशी आख्यायिका आहे (आपल्याकडं गडाच्या चुन्यात गूळ घातला म्हणून सांगतात त्यातलाच प्रकार). फक्त सकाळी उजाडायला जा. दहानंतर तिथं पूल दिसत नाही, माणसंच दिसतात. आणि पैसे: चेकमध्ये युरो नाही, कोरुना. चौकातल्या एक्स्चेंजवाल्यांच्या नादी लागू नकोस, कार्ड सगळीकडं चालतं. एटीएमनं किंवा मशीननं ‘युरोमध्ये कन्व्हर्ट करू का’ विचारलं की नाही म्हणायचं, तिथं त्यांचा रेट लागतो आणि आपल्या खिशाला कात्री लागते.

पण त्याच्याही आधी घराशेजारचं बघ. तुझ्या सेमिस्टर तिकिटावर एस-१ लोकल चालते, त्यानं कुरोर्ट रातनला उतर. नदी ओलांडायला जी फेरी आहे तिला इंजिन नाही, प्रवाहाच्या वरच्या बाजूला पाण्यात नांगरलेल्या दोराला ती बांधलेली असते, नावाडी तिला तिरकी करतो आणि प्रवाहच तिला पलीकडं ढकलतो. मी तिथं बस्ताई (नदीकाठचे उंच कडे) बघायला गेलो होतो आणि फेरीतच येरझाऱ्या घालत बसलो. बस्ताईचा दगडी पूल १८५१ चा, चढ फार नाही, सिंहगड चढलेल्याला काहीच नाही. दुसरं गोर्लित्झ. तिथला जुन्या गावातला पूल १९४५ ला उडवला होता तो थेट २००४ ला परत बांधला, आता चालत पोलंडात जाऊन पिएरोगी (मोमोसारखा प्रकार) खाऊन परत यायचं. बटाटा-पनीरसारखं सारण भरलेले मिळतात, ‘रुस्किए’ म्हणून माग, पण वर बेकन नको हे आधी सांग.

मेतकूट_भात

लाल डबा दादांशी अर्धी सहमत. जवळचं कधीही होतं हो, शनिवारी उठून जाता येतं. पण २४ वय आहे ना तुझं? मग पॅरिस पुढं ढकलू नकोस. सव्वीस पूर्ण व्हायच्या आत फ्रान्समधली सरकारी म्युझियमं आणि स्मारकं तुला फुकट आहेत, लुव्र, ओर्से, व्हर्सायचा राजवाडा, आर्क द त्रिओंफ सगळं. यासाठी ईयूचं नागरिकत्व लागत नाही, ईयूमध्ये लाँग टर्म राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे तुझं जर्मन रेसिडेन्स कार्ड. ओरिजिनल ने, मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालत उभ्या राहिलेल्या आपल्या पोरी मी बघितल्यात. युरोपबाहेरून येणाऱ्यांना जानेवारी २०२६ पासून लुव्रचे ३२ युरो पडतात, त्यामुळं या कार्डाची किंमत कर. आणि फुकट असलं तरी लुव्रचा टाइम स्लॉट ऑनलाइन घ्यावाच लागतो. मंगळवारी लुव्र बंद, सोमवारी ओर्से आणि व्हर्साय बंद, आई शपथ हे आधी बघून तिकीट काढा.

हीच सवलत इटलीत गृहीत धरू नकोस. तिथं १८ ते २५ वयाला २ युरोचं तिकीट आहे पण ते ईयूच्या नागरिकांना, राहणाऱ्यांना नाही. इटलीत महिन्याचा पहिला रविवार सरकारी म्युझियमं फुकट असतात, कोलोसियमसुद्धा, पण गर्दी म्हणजे आषाढीला पंढरपूर.

तुला म्युझियममध्ये दम नाही म्हणतोस तर लुव्र एकच बाजू धरून बघ आणि बाहेर पड, मोनालिसासमोर तसंही मोबाइलच दिसतात. ओर्सेला मात्र वेळ दे. ते मुळात रेल्वे स्टेशन आहे! १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, नंतर लांब गाड्यांना फलाट पुरेनात म्हणून ओस पडलं आणि १९८६ ला म्युझियम झालं. वरच्या मजल्यावर स्टेशनचं काचेचं अवाढव्य घड्याळ आहे, त्याच्या मागं उभं राहून काट्यांमधून सीन नदी दिसते. नोत्र दाम डिसेंबर २०२४ ला परत उघडलंय, आत जायला पैसे नाहीत. आईच्या फोटोसाठी आयफेलसमोरच्या त्रोकादेरोला जा, अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर चमचमतो तेव्हा व्हिडिओच काढ.

स्वस्त विमानाचं बघताना एअरपोर्ट कुठला ते वाच. ‘पॅरिस’ म्हणून बोव्हेला उतरवतात, शहरापासून ऐंशी किलोमीटर, पुढं बस वेगळी. बॅगेचं माप पण टेप लावून बघ. मला एका कंपनीनं गेटवर बॅगेचे विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त पैसे लावले, तेव्हापासून मी माझी डेपोतून सुटणारी बस बरी म्हणते. जेवणाचं म्हणशील तर किचन असलेलं हॉस्टेल घे. तांदूळ कुठंही मिळतो, मेतकूट आणि लोणच्याची बाटली आपली. बाहेर खायचं तर फलाफल पोटभरीचं असतं.

पंचगंगा_घाट

इचलकरंजीचा आहेस आणि फ्लॉरेन्सचं नाव यादीत नाही? लई झालं की भावा.

आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे, शाहू महाराजांच्या आधीचे) १८७० ला इंग्लंडला गेले होते, येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि तिथंच वारले, ऐन विशीत. तिकडं तेव्हा दहन कोणाला माहीत नव्हतं पण नगरपालिकेनं परवानगी दिली, आणि हिंदू रीतीप्रमाणं संगमावर, म्हणजे आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथं, त्यांचं दहन झालं. १८७४ ला त्याच जागी छत्री बांधली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पगडी, अंगावर दागिने, आणि वर आपल्याकडच्यासारखा घुमट. छत्री ज्यानं डिझाइन केली तो मेजर मँट, त्यानंच पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला! जवळच्या मोठ्या पुलाचं नाव पण त्यावरनंच ‘पोन्ते अल्लिंदियानो’ पडलंय. जागा कशिने नावाच्या बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, बाग तीनेक किलोमीटर लांब, ट्राममधनं उतरून चालत जायची तयारी ठेव. मी गेलो तेव्हा तिथं एक म्हातारा कुत्रं फिरवत होता, त्याला मोडकंतोडकं सांगितलं की हे आमच्या गावचे राजे, तर त्यानं टोपी काढली आणि कुत्र्यालाच दटावलं गप्प बस म्हणून.

दुसरं, पोलंड. तुला कोल्हापूरजवळचं गांधीनगर माहितीच असणार, कापडाच्या धंद्यातलं कोण गेलं नसेल तिथं. फाळणीनंतर सिंधी लोक येऊन राहिले त्याच्या आधी तिथं वळिवडे कॅम्प होता, दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातनं सुटलेल्या पोलिश बायका-पोरांचा, १९४३ ते ४८, पाचेक हजार लोक. शाळा, चर्च, थिएटर सगळं होतं. वॉर्सात त्याची आठवण म्हणून कोल्हापूर स्मारक आहे. तू ड्रेस्डेनहून बर्लिन गाठलंस की वॉर्साची थेट गाडी आहे. वॉर्साचं जुनं गाव पण बघ, युद्धात जमीनदोस्त झालेलं जुन्या चित्रांवरून परत उभं केलंय. तू ड्रेस्डेनमध्ये राहतोस, तिथलं युद्धात पडलेलं आणि परत बांधलेलं फ्राउएनकिर्श चर्च बघून हे बघितलंस की दोन्हीकडं कसं वेगवेगळं केलंय ते कळेल.

किल्ली_कुठाय

फिरण्याआधीचं रुक्ष काम मी सांगतो. जर्मन परमिटवर बाकी शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, स्वित्झर्लंड त्यात आलं, क्रोएशिया पण आलं (२०२३ पासून). इंग्लंड आणि आयर्लंड नाही, त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही खिशात पाहिजेत, सीमेवर गाडीत पोलीस चढतात आणि नेमकं आपल्यालाच उठवतात. कार्ड रिन्यूला टाकलेलं असेल तर ऑफिसात विचारल्याशिवाय देशाबाहेर जाऊ नका.

रेल्वे पास घ्यायचा तर युरेल नाही, तू इथं राहतोस म्हणून तुला इंटररेल, २७ वर्षांपर्यंत यूथ रेट. पण फ्रान्स, इटली, स्पेनच्या फास्ट गाड्यांना पास असूनही सीटचे वेगळे पैसे लागतात, त्यामुळं हिशोब करून बघ, बऱ्याचदा दोन महिने आधी काढलेली सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

सेमिस्टर तिकीट रीजनल गाड्यांवर साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं. ड्रेस्डेनहून दिवस मोडेल, पण म्युनिकमध्ये कोणी मित्र असेल तर तिथून सोपं. म्युनिकला रविवार धर, आल्टे पिनाकोथेक १ युरोत.

आणि व्हेनिस-स्वित्झर्लंड विद्यार्थीदशेत माझ्या मते सोडून द्या. स्वित्झर्लंडमध्ये साधा चहा पिताना पण घरचा ईएमआय आठवतो.

मेतकूट_भात

@किल्ली_कुठाय व्हेनिस सोडू नका हो, फेब्रुवारीत कार्निव्हलचे दिवस टाळून गेलं तर गल्ल्या रिकाम्या असतात आणि शेजारच्या मेस्त्रेला राहिलं की परवडतं. स्वित्झर्लंडचं पटलं.

इचलकरंजी_एक्सप्रेस

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लॉरेन्सचं खरंच माहीत नव्हतं, बाबांना फोनवर सांगितलं तर मार्कशीट विसरले आणि म्हणाले कधी निघतोस.

तर सध्या असं ठरवतोय: रातन आणि गोर्लित्झ येत्या शनिवारांना. फेब्रुवारीच्या शेवटी प्राग आणि बुडापेस्ट एकाच फेरीत (बुडापेस्टची एम-१ मेट्रो १८९६ ची आहे म्हणे, युरोप खंडातली सगळ्यात जुनी, ती तर चुकवणार नाही). मार्चमध्ये पॅरिस, नुसतं पॅरिस, पाच-सहा दिवस. फ्लॉरेन्स आणि वॉर्सा उन्हाळ्याच्या सेमिस्टरमध्ये, फिंग्स्टनच्या (ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत एक आणि नंतर एक. रोम सप्टेंबरनंतर, जुलै-ऑगस्टच्या उन्हात नको, ऊन बघायला इचलकरंजी आहे.

एकच शंका राहिली. वॉर्साला जातोय तर क्राकोव जोडू का? आणि आउशवित्झला (नाझींची छळछावणी) जायचं तर क्राकोवहून स्वतः जाता येतं की टूर घ्यावी लागते?

लाल_डबा

जोड की. क्राकोव-वॉर्सा फास्ट गाडीनं अडीच तासांच्या आसपास. आउशवित्झला स्वतः जाता येतं, क्राकोवहून ओश्वेंचिमला बस आणि ट्रेन दोन्ही आहेत, साधारण सत्तर किलोमीटर. प्रवेश फुकट आहे पण नावानं पास काढावा लागतो, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, आणि गाइडशिवायचे स्लॉट थोडे असतात ते लवकर संपतात. सीझनमध्ये सरळ गाइडवाला स्लॉट घे, नुसतं फिरून निम्मं कळत नाही. पासपोर्ट ने, पाठीवरची मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. आउशवित्झ एक झालं की फुकटच्या बसनं बिर्केनाउला, म्हणजे दुसऱ्या छावणीला, जायचं असतं, बरेच जण थकून तिथूनच परत फिरतात, तू फिरू नकोस. आणि त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नकोस, मिठाची खाण वगैरे दुसऱ्या दिवशी.

तारखा ठरल्या की इथं टाक. प्राग-बुडापेस्टला फेब्रुवारीत मी पण येईन म्हणतो, लायपझिगहून ड्रेस्डेनला येऊन तीच गाडी पकडतो.

पंचगंगा_घाट

आणि फ्लॉरेन्सला जाशील तेव्हा छत्रीचा फोटो इथं टाक रे, माझ्या वेळी डागडुजीसाठी परांची बांधली होती, नीट काही आलं नाही.