कोपरखैरणेतलं रो हाउस की घणसोलीतला फ्लॅट? मेंटेनन्सच्या बदल्यात नेमकं काय मिळतं?

घणसोली_सेक्टर विचारतात:

घरात चार माणसं, त्यात सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात. बजेटमध्ये दोनच पर्याय बसतात. एक, कोपरखैरणेत सिडकोचं रो हाउस, तळ अधिक एक मजला, गच्ची साधारण ४५० चौरस फूट. दुसरा, घणसोलीत फ्लॅट, ६०० चौरस फूट. इमारत १८ वर्षांची, खाली पार्किंग, वर सात मजले, ४२ सदनिका, दोन लिफ्ट, मेंटेनन्स महिना ४,२०० रु. त्यात चौथ्या मजल्यावरचा एक आणि सातव्यावरचा एक असे दोन फ्लॅट विकायचे आहेत. सातव्याचा दोन लाखांनी स्वस्त.

घरच्यांचं म्हणणं, वर्षाला पन्नास हजार मेंटेनन्समध्ये घालवण्यापेक्षा स्वतःचं सुटं घर बरं. सोसायटीत राहण्याचा फायदा आकड्यांत कुणी समजावून सांगेल का?

---

हिशोबनीस:

ताई, आधी ते ४,२०० फोडून बघा. बिलाच्या मागे रकाने असतात. नसतील तर सेक्रेटरींकडून मागून घ्या.

सोसायट्यांसाठीच्या सरकारी आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. बांधकाम खर्च चौरस फुटाला २,००० रु. धरला तर ६०० फुटांचे १२ लाख. म्हणजे सिंकिंग फंडाचे वर्षाला ३,००० आणि दुरुस्तीचे ९,०००. महिन्याला हजार रुपये झाले. हे हजार खर्च नव्हेत, इमारतीच्या नावावरची शिल्लक आहे. उरलेल्या ३,२०० मध्ये वॉचमन, सफाई, पाणी, जिन्याची वीज, लिफ्ट, विमा. मालमत्ता कर त्यातच आहे की वेगळा भरायचा, तेवढं विचारा. बरेचदा तुलना तिथेच चुकते. जीएसटीची काळजी नको, दरमहा ७,५०० च्या आत तो लागत नाही.

आता गच्चीचं गणित. वॉटरप्रूफिंगला चौरस फुटाला १०० रु. धरा. या इमारतीची गच्ची ४,२०० फूट असेल तर ४ लाख २० हजार, ४२ घरांत प्रत्येकी १०,०००. रो हाउसची ४५० फुटांची गच्ची म्हणजे ४५,००० आणि ते एकट्याने. बाहेरचा रंग, ड्रेनेज लाइन, टाकी, कंपाउंड भिंत, सगळीकडे हेच प्रमाण कमीजास्त फरकाने लागू पडतं. छप्पर एक आणि त्याखाली एकावर एक सात घरं, हा इमारतीचा खरा फायदा.

मात्र हा फायदा निधी खरोखर जमा होत असेल तरच. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट बघा. सिंकिंग फंडाची रक्कम ठेवीत दिसते का, आणि थकबाकी किती घरांची आहे? थकबाकीवर सोसायटी २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते. तरीही यादी लांबलचक असेल तर कमिटी ढिली आहे असं समजा.

---

पंपरूम:

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नवी मुंबईत सुट्या घराचं खरं दुखणं तिथे असतं. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, तरी कपातीचे दिवस येतातच. त्या दिवसांत फरक पाडते ती साठवण.

माणशी रोज १३५ लिटर हे धरायचं माप. चार माणसांची ४२ घरं म्हणजे २२,६८० लिटर. जमिनीखालची टाकी निदान दीड दिवसाची, म्हणजे ३४,००० लिटरच्या आसपास हवी. कमी दाबाने आलेलं पाणी खालच्या टाकीत आपसूक उतरतं, ते गच्चीवर चढवायला दोन पंप असतात. एक बिघडला तर दुसरा चालतो. रो हाउसमध्ये बहुधा एकच पंप आणि हजार लिटरची टाकी. तो जळाला की रिवाइंडिंग होईपर्यंत बादल्या.

पंपरूममध्ये जाऊन या गोष्टी बघा:

दोन्ही पंप आलटूनपालटून चालवतात का? महिनोन्‌महिने बंद राहिलेला पंप जाम होतो आणि नेमका गरजेला गुणगुणतो, फिरत नाही. पंप सुरू केल्यावर पाणी चढायला वेळ लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) गळका आहे, पाइप रात्रीत रिकामा होतो. खालच्या टाकीचं झाकण जमिनीपासून फूटभर उंच हवं. ते पार्किंगच्या पातळीला असेल तर जुलैत तुंबलेलं पाणी थेट पिण्याच्या टाकीत जातं. टाकी दर सहा महिन्यांनी धुतात का? धुतल्याची तारीख टाकीवर रंगवलेली असते.

सातवा की चौथा? दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. सातव्या मजल्याचा नळ गच्चीवरच्या टाकीपासून जेमतेम ४ मीटर खाली, म्हणजे ०.४ बार. शॉवर मलूल पडतो, बूस्टर पंप लावावा लागतो. चौथ्यावर तीन मजले आणखी खाली, सुमारे १.३ बार, काहीही न लावता छान धार. दोन लाखांसाठी सातवा घेऊ नका असं माझं स्पष्ट मत.

---

गच्ची_ते_पाया:

पंपरूम यांच्याशी सहमत, फक्त एक जोडतो. शेवटच्या मजल्याची गळती ही फ्लॅटधारकाची एकट्याची जबाबदारी नसते. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून छताचा गिलावा गेला तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. वरच्या घराच्या न्हाणीतून गळत असेल तर मात्र तो त्या सभासदाचा प्रश्न. सातवा घेतलाच, तर हा भेद माहीत असू द्या.

गच्चीवर जाऊन स्वतः बघा. पावसाळी पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, तिथे पाला आणि शेवाळ साचलंय का? गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई हवी. काटकोन असेल तर भेग तिथूनच सुरू होते. डिश अँटेनासाठी लादीत ड्रिल मारलेलं दिसलं तर ते भोक खालच्या कोब्यापर्यंत पोचलेलं असतं आणि पाणी दहा फूट लांब भलत्याच खोलीत उतरतं. नवीन वॉटरप्रूफिंग झाल्याचं सांगत असतील तर पाणी भरून चाचणी घेतली होती का, ते विचारा: दोन इंच पाणी, किमान ४८ तास.

१८ वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी. अहवालाची प्रत मागा आणि खांबांबद्दलचं पान वाचा. खाडीजवळच्या खारट हवेत स्लॅबच्या सळ्या लवकर गंजतात. पार्किंगच्या छताला तांबूस डाग किंवा सुटलेलं काँक्रीट दिसलं तर अहवालात त्याचा उल्लेख आहे का ते ताडून बघा.

रो हाउसला असं ऑडिट सहसा कुणी करत नाही. त्यातून वरचा मजला नंतर चढवलेला असेल तर मंजूर नकाशा आधी मागा, बोलणी नंतर.

---

कळव्याची_मावशी:

सासूबाईंचा विचार करून लिहिते. तळ अधिक एक म्हणजे घरातच जिना. लिफ्टच्या इमारतीत चौथा मजलाही त्यांना सपाट जमिनीसारखा. पण टेप घेऊन जा. चाकाची खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते, लिफ्टचं दार उघडल्यावर मोकळी जागा ८० तरी हवी. गेटपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, तेही मोजा. पुष्कळ इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्या आधी चार पायऱ्या, आणि रॅम्प नाही.

वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडणारी बॅटरीची सोय (एआरडी) चालू आहे का? वॉचमनला मेन स्विच पाडून दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि बदलायची राहून जाते.

आगीची यंत्रणा आवर्जून बघा. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावा लागतो. कागद असला तरी पंपाच्या पॅनलचा स्विच ‘ऑटो’वर आहे का, हे स्वतः पाहा. लाइन कुठे गळत असली की तिच्यातला दाब टिकवणारा लहान जॉकी पंप सारखा सुरू-बंद होतो, त्या आवाजाला कंटाळून कुणीतरी पॅनल ‘मॅन्युअल’वर टाकतं आणि मग ते तसंच राहतं.

---

घणसोली_सेक्टर:

खूप मोलाची माहिती. चौथ्या मजल्याकडे कल झालाय. सेक्रेटरी म्हणाले, गच्चीवर १० किलोवॅट सोलर बसवायचा प्रस्ताव आहे. त्याने मेंटेनन्स कमी होईल का?

---

हिशोबनीस:

सामायिक विजेचं बिल कमी होईल, म्हणून बारा महिन्यांची बिलं मागा. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे १० किलोवॅटचे महिन्याला १,२०० युनिटच्या आसपास. पावसाळ्यात बरंच कमी. जागा लागेल सुमारे १,००० चौरस फूट, ती आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रु. अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. टाकीची सावली पॅनलवर पडू देऊ नका, एका पॅनलवरच्या सावलीने त्या रांगेतल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडतं.

---

गच्ची_ते_पाया:

आणि स्टँडचे पाय लादीत ड्रिल करून नकोत, वर ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर. वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते मे महिन्याच्या आत आधी, सोलर नंतर. व्यवहाराआधी ओसी (भोगवटा दाखला), कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे झाल्याचा दस्त) किंवा भाडेपट्टा, शेअर सर्टिफिकेट आणि ना-देय दाखला बघा. सिडकोची जमीन बहुधा भाडेपट्ट्याची असते, तेव्हा हस्तांतराची परवानगी आणि शुल्क कोण भरणार हे टोकन देण्याआधी लिहून घ्या.

---

घणसोली_सेक्टर:

रविवारी टेप आणि टॉर्च घेऊन जाते. पंपरूमची किल्ली वॉचमनकडे ठेवायला सांगितली आहे.