मदत हवी आहे: लेकीला ज्वालामुखीचा अभ्यास करायचाय, सरकारी जिऑलॉजिस्टची नोकरी कशी असते?

नमस्कार मंडळी, आम्ही निपाणीकडचे. लेक धारवाडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय जिऑलॉजी, आणि आता म्हणते मला ज्वालामुखीवरच काम करायचंय. मी हसलो, म्हटलं इथं कुठला आलाय ज्वालामुखी, तर म्हणाली बाबा तुम्ही ज्या काळ्या रानात तंबाखू लावता ते सगळं लाव्हाचंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. मागे गोकाकच्या धबधब्याला गेलो तेव्हा तिथला दगड दाखवून सांगत होती की हा आपल्याकडचा नव्हे, लाव्हा इकडंच कुठंतरी संपतोय बगा. इतकी वर्षं त्या रस्त्यानं येजा करतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

तर तिच्या डोक्यात जीएसआय आहे, म्हणजे केंद्र सरकारचं भूगर्भ सर्वेक्षण खातं. एमएस्सी करायची आणि यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यायची, वय २१ ते ३२, प्रिलिम, मेन्स, इंटरव्ह्यू. केंद्राची परीक्षा म्हणजे कन्नड पेपरची भानगड नाही हे आपल्यासारख्यांना बरंच, पण सगळं इंग्रजीतून लिहायचं आणि पोरगी दहावीपर्यंत मराठी मीडियमची.

आता माझे प्रश्न. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, तेही दीडशेच्या वर वर्षं गप्प बसून १९९१ ला परत पेटलेलं, वस्ती नाही, बोटीनं जायचं. मग तिथं जायला मिळतं किती जणांना? का आयुष्यभर नकाशे आणि खनिजंच शोधत बसायचं? फील्ड कॅम्पला वर्षातले किती महिने बाहेर असतात, मुलींची राहायची सोय कशी असते, हे कुणी आत असलेल्यानं खरंखरं सांगा.

दुसरं म्हणजे, नेटवर त्या अमेरिकेच्या सरकारी जिऑलॉजिस्टचं वाचलं, डेव्हिड जॉन्स्टन, १८ मे १९८० ला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याच्यावर नजर ठेवायला पहाऱ्यावर होता, वय ३०, सापडलाच नाही. हे हिच्या आईला सांगितलेलं नाही, आणि सांगणार पण नाही. आजीचं वेगळंच, दगडाचं शिकून पगार कोण देणार म्हणते.

एमएस्सी धारवाडलाच करावी का जाम (आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी मुंबई बघावी? फॉर्म सप्टेंबरात सुटतो म्हणे, त्याच्या आत ठरवायचंय. क्लास लावायचा तर कुठला तेही कळवा, पुण्याला ठेवायची तयारी आहे, खोलीभाड्याचं बघतो मी कसंतरी.