हॉन्टेड हाऊसच्या वेव्हरवर सही केली म्हणजे सगळे हक्क गेले का?

घाबरट_पण_हौशी:
ऑक्टोबरात आमच्या ग्रुपने न्यूयॉर्क राज्यातल्या एका एक्स्ट्रीम हॉन्टेड हाऊसचं बुकिंग केलंय. मुखवटा घातलेला कोणीतरी भॉक करतो आणि आपण किंचाळत, हसत बाहेर येतो, तसलं साधं भूतघर नाही हे. इथे ते लोक अंगाला हात लावतात, डोक्यावर पिशवी चढवतात, एकट्याला अंधाऱ्या खोलीत कोंडतात, अंगावर पाणी ओततात. तिकीट काढल्यावर मेलवर नऊ पानी वेव्हर (दाव्याचा हक्क सोडतो असं लिहून देण्याचा कागद) आला, बाकीचे फोनवर बोटाने सही ठोकून मोकळे झाले आणि मी वाचत बसले ती बसलेच. फ्रॅक्चर, मानसिक धक्का, मृत्यू हे सगळे धोके मला मान्य आहेत म्हणे. पुढे म्हणे, कंपनीच्या निष्काळजीपणाने इजा झाली तरी मी, माझे वारस, कोणीच दावा करणार नाही. वारस!! अजून वय २४ आहे हो माझं.

आता मैत्रीण म्हणते असले कागद कोर्टात टिकतच नाहीत, बिनधास्त कर सही. दुसरा म्हणतो सही केलीस की संपलं. खरं काय?

कागदकिडा:
मी वकील नाही, पण अपघाताच्या दाव्यांच्या ऑफिसात आठ वर्षं हेच कागद चिवडतोय, त्यामुळे थोडं मोठं लिहितो. दोघंही अर्धे बरोबर आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेत हे राज्याराज्यावर आहे. तुमचं न्यूयॉर्क आहे ते बरंय. तिथे जनरल ऑब्लिगेशन्स लॉचं कलम ५-३२६ आहे, करमणुकीच्या जागेत पैसे घेऊन आत सोडलं असेल तर 'आमच्या निष्काळजीपणाला आम्ही जबाबदार नाही' हे कलम रद्दबातल धरतात. व्हर्जिनियात इजा व्हायच्या आधीच लिहून घेतलेली असली माफी चालत नाही, लुईझियानाच्या सिव्हिल कोडमध्येही शारीरिक इजेबाबत तसंच आहे. कॅलिफोर्नियात मात्र साध्या निष्काळजीपणासाठी वेव्हर बऱ्यापैकी टिकतो. पण घोर निष्काळजीपणासाठी नाही, ते तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांता बार्बराच्या केसमध्ये स्पष्ट केलं. आणि मुद्दाम केलेल्या इजेला तर कुठेच कागदाआड लपता येत नाही.

पण लगेच नाचू नका. वेव्हर फाडून टाकला तरी कंपनीच्या हातात दुसरं हत्यार उरतंच, ते म्हणजे 'धोका माहीत असून तुम्ही स्वतःहून आलात'. सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये एक भुताटकीचा ट्रेल होता, चालवणारी कंपनी द हॉन्टेड हॉटेल. २०११ मध्ये एक माणूस ट्रेल संपला असं समजून बाहेर पडला, पण ते दार खोटं होतं. निवांत झाला आणि तेवढ्यात चेनसॉ (मोटरवर चालणारी करवत) घेतलेला नट अंगावर आला. हा पळाला, पडला, मनगटाला लागलं. केस केली आणि २०१५ मध्ये अपिलातही हरला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की घाबरून पळणं हाच त्या खेळाचा गाभा आहे, त्यासाठीच तर तिकीट काढलं होतं, आणि त्या खेळात मुळातच असतो त्यापेक्षा जास्तीचा धोका कंपनीने घातला असं काही दिसत नाही. सगळी मेख या 'जास्तीचा' शब्दात आहे. चेनसॉवाला मागे लागणं हे तुम्ही विकत घेतलेलं. त्याच वाटेवर उघडा खड्डा असणं हे नाही.

खडूस_काका:
एवढं वाचण्यापेक्षा घरी बसा की. पैसे देऊन डोक्यावर पिशवी घालून घ्यायची म्हणजे हौसेला मोल नाही हेच खरं.

मेकअप_पुसून:
काका 😄 आम्हालाही पोट आहे.

मी दोन सीझन चेनसॉवाला होतो (साध्या हॉन्टमध्ये, हात लावायचा नाही असा नियम). करवतीची साखळी काढलेली असते, राहतो तो इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास, लोक वासालाच अर्धे गार होतात. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी एकच घोकून घेतात, माणसाला पुढे घाबरवा. म्हणजे बाजूने किंवा मागून यायचं, त्याने जायच्या दिशेनेच पळालं पाहिजे. समोरून आलात तर तो उलटा फिरतो आणि मागच्या पोरीला तुडवतो. जिन्यावर, उतारावर, वळणाच्या तोंडाशी कधीच नाही. प्रत्येक दोन-तीन खोल्यांमागे काळे कपडे घातलेला एक जण बॅटरी घेऊन उभा असतो, तो तुम्हाला दिसत नाही पण तुम्ही त्याला दिसता.

काही ठिकाणी हात लावलेला चालणाऱ्यांना गळ्यात चमकणारी माळ देतात, आणि माळ नसेल तर बोटही लावायचं नाही. मध्येच काढून खिशात टाकली तरी नियम तोच. नऊ पानांपेक्षा ती माळ जास्त खरी वाटते मला. तुमच्या ठिकाणी सेफ वर्ड (जो म्हटला की सगळं थांबवायचं असा ठरलेला शब्द) आहे का आणि तो म्हटल्यावर नेमकं काय होतं, हे आधी विचारा. न्यूयॉर्कमध्येच २००९ ला ब्लॅकआउट नावाचं एक्स्ट्रीम हॉन्टेड हाऊस सुरू झालं होतं, एकट्याने आत जायचं, अंगाला हात लावायचे, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच, पण सेफ वर्ड होता.

मध्यरात्रीची_लोकल:
सेफ वर्ड नुसता कागदावर असून भागत नाही. टेनेसीतलं मॅककेमी मॅनॉर बघा, आधी सॅन डिएगोत होतं, नंतर तिकडे गेलं. चाळीसेक पानांचा वेव्हर, एंट्री फी म्हणून कुत्र्याच्या खाण्याची पिशवी, शेवटपर्यंत टिकलात तर २०,००० डॉलर बक्षीस अशी जाहिरात. २०२३ मध्ये टेनेसीच्या अॅटर्नी जनरलने (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने) चौकशी सुरू केली आणि पत्रातून विचारलं तेही हेच, की लोकांना वेव्हर आधी वाचायला देता का, मध्येच नको म्हटलं तर थांबता का, आणि ते बक्षीस खरं आहे का.

@कागदकिडा, सहीनंतर कोणी 'थांबवा' म्हणालं आणि त्यांनी थांबवलंच नाही तर?

कागदकिडा:
मग विषय निष्काळजीपणाचा राहत नाही. संमती दिली होती म्हणून ते हात लावणं कायदेशीर होतं, आणि संमती मागे घेता येते, आठ वाजता सही केली म्हणून नऊ वाजता नाही म्हणायचा हक्क जात नाही. त्यानंतर धरून ठेवलं, बांधून ठेवलं तर तो सरळ हल्ला आणि डांबून ठेवणं, पोलिसांत जायचं प्रकरण. अडचण पुराव्याची. आत कॅमेरे त्यांचेच, फुटेज त्यांचंच, आणि वेव्हरमध्ये व्हिडिओचे हक्कही बहुतेक वेळा त्यांनीच लिहून घेतलेले असतात. तुम्ही कुजबुजलात की ओरडलात यावर मग वर्षभर वाद.

गुडघा_डावा:
माझा अनुभव लिहितो, नाव घेत नाही. तीन वर्षांपूर्वी एका हॉन्टमध्ये लाकडी जिना उतरताना कठडा हातात आला, अक्षरशः उपटून हातात, आणि मी चार पायऱ्या खाली. त्या क्षणी कोणी घाबरवतही नव्हतं, शांतपणे उतरत होतो. गुडघ्याचं लिगामेंट गेलं. मॅनेजर आला तो पाणी घेऊन नाही, टॅबलेट घेऊन, त्यावर माझी सही उघडून दाखवली, म्हणे सर तुम्ही मान्य केलंय. त्या वेळी मलाही वाटलं की खरंच केलंय, आणि लंगडत घरी गेलो. दोन महिने काहीच केलं नाही, सगळ्यात मोठी चूक ती. नंतर मित्राच्या मित्राने, जो वकील आहे, पहिलाच प्रश्न विचारला, कठड्याचा फोटो आहे का? नशिबाने बायकोने काढला होता, त्यात सडलेलं लाकूड आणि एकुलता एक स्क्रू स्पष्ट दिसतोय. शेवटी त्यांच्या इन्शुरन्सने तडजोड केली, कोर्टापर्यंत गेलंच नाही.

पाना_पक्कड:
सगळे सहीवर बोलताय, आगीवर कोणीच नाही. ११ मे १९८४, न्यू जर्सीतलं सिक्स फ्लॅग्स ग्रेट अॅडव्हेंचर, हॉन्टेड कॅसल नावाचं भूतघर ट्रेलर जोडून बनवलेलं, स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ) नाहीत. लायटरच्या ज्योतीने फोम पेटला आणि आठ मुलं गेली. मुद्दाम वाट चुकेल अशी रचना, त्यात धूर. कंपनी फौजदारी खटल्यातून १९८५ मध्ये सुटली, पण नियम कडक झाले. आता बिल्डिंग कोडमध्ये अशा जागांचा वेगळाच प्रकार आहे, स्प्रिंकलर हवेत, आणि अलार्म झाला की भुतांचे आवाज आपोआप बंद होऊन दिवे लागले पाहिजेत.

मी फायर अलार्म बसवतो म्हणून सांगतो, पक्क्या पार्कात हे असतं. धोका वाटतो तो जुन्या गोदामात महिनाभरासाठी काळं प्लास्टिक ठोकून उभारलेल्यांचा. गावाच्या फायर मार्शलला फोन करून विचारा, तपासणी झालीय का. पाच मिनिटांचं काम.

घाबरट_पण_हौशी:
बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, थँक यू सगळ्यांना. आज त्यांना फोन केला. सेफ वर्ड आहे, म्हणाले की लगेच दिवे लावून बाहेर आणतो. फायर तपासणीचं विचारल्यावर मात्र 'मॅनेजर कॉल करतील'. अजून आलेला नाही.

अजून एक, मेडिकलच्या पानावर दमा आहे का विचारलंय. मला आहे, पण थोडासाच. 'नाही' लिहिलं तर चालेल का, नाहीतर आत सोडणार नाहीत.

कागदकिडा:
अजिबात नको. वेव्हर रद्द झाला तरी तो फॉर्म राहतो, आणि त्यांचा वकील पहिल्यांदा तोच पुढे करेल. शिवाय डोक्यावर पिशवी चढवणाऱ्या माणसाला तुमचा दमा माहीत असलेला बरा.

खडूस_काका:
आणि इनहेलर खिशात ठेव. लॉकरमध्ये नको.

घाबरट_पण_हौशी:
हो काका 🙏 मॅनेजरचा फोन आला की कळवते.