जुन्या कॅसेट डेकमध्ये आधी काय बदलावे?

प्रश्न

नमस्कार. १९८० च्या दशकातला, दोन हेडांचा आणि डॉल्बी बी व सी (टेपची सरसर कमी करणाऱ्या यंत्रणा) असलेला एक कॅसेट डेक पुन्हा चालता करण्याचा माझा प्रयत्न सुरू आहे. मुख्य बेल्ट वितळून फ्लायव्हीलला (टेपची गती एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाला) काळ्या चिकट थरासारखा बसला होता. तो खरवडून तात्पुरता दुसरा बेल्ट चढवल्यावर टेप चालू लागली, पण गाणी किंचित चढ्या पट्टीत ऐकू येतात, उजवी बाजू मधूनमधून गायब होते आणि एकंदर आवाज बोदा येतो. हेड, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि ऑप-अँप आयसी (आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या चिप) एकदमच बदलावेत, म्हणजे दुरुस्ती आणि सुधारणा दोन्ही साधतील, असा विचार आहे. हा क्रम योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सोल्डरिंगचे काम तूर्त बाजूला ठेवावे. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ कपॅसिटरमध्ये असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

सुरुवात फ्लायव्हीलपासून करावी. वितळलेला बेल्ट खरवडण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून काढावा आणि मोटरच्या पुलीच्या खाचेतही पाहावे, कारण तिथे राहिलेला लहानसा गोळासुद्धा प्रत्येक फेऱ्याला वेग हलवतो आणि लांबवलेला स्वर थरथरतो. पुलीवर थर साचून तिचा व्यास वाढला, तर टेप जलद धावते; चढ्या पट्टीचे ते एक कारण असू शकते. नव्या बेल्टसाठी दोऱ्याने पूर्ण मार्ग मोजून त्यापेक्षा साधारण ५ टक्के कमी लांबीचा आणि मूळ जाडीचाच बेल्ट घ्यावा. जास्त ताणलेला बेल्ट मोटरच्या बेअरिंगवर भार टाकतो आणि सैल बेल्ट घसरतो.

पिंच रोलर, म्हणजे टेपला कॅपस्टन या फिरत्या दांड्यावर दाबून पुढे सरकवणारे रबरी चाक, बोटाने दाबून पाहावा. रबर चकचकीत आणि कडक झाले असेल तर तो बदलावा. टेप गुंडाळून घेणाऱ्या चाकाला फिरवणारे आयडलरचे रबरही त्याच वेळी तपासावे. ते घसरू लागले की कॅपस्टनमधून बाहेर आलेली टेप ओढून घेणारे कोणी उरत नाही आणि ती पिंच रोलरभोवती गुंडाळली जाते. डेक कॅसेट ‘खातो’ तो बहुतेक वेळा असा.

वेग सर्वांत शेवटी लावावा आणि त्याआधी डेक पंधरावीस मिनिटे चालू ठेवावा. ३१५० हर्ट्‌झचा स्वर असलेली चाचणी कॅसेट लावली असता मीटरवर ३२४० दिसले, तर डेक जवळजवळ ३ टक्के जलद आहे, म्हणजे पेटीवरील दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे निम्म्याने चढा आहे. अशा अनेक डेकमध्ये मोटरच्या मागच्या छिद्रातून प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा नियंत्रक) फिरवून हा वेग लावता येतो.

उजव्या बाजूसाठी रेकॉर्ड-प्लेचा लांब सरकता स्विच पाहावा. वर्षानुवर्षे न हलवल्यामुळे त्याच्या संपर्कांवर थर बसतो. वीज काढून आत काँटॅक्ट क्लीनर सोडावा आणि स्विच बऱ्याच वेळा मागेपुढे करावा.

प्रतिसाद २

वरील क्रमाशी मी सहमत आहे. बोद्या आवाजाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. हेड आणि टेपचा मार्ग स्वच्छ केल्यानंतर पहिला संशय अ‍ॅझिमथवर, म्हणजे हेडच्या तिरपेपणावर घ्यावा. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे १० किलोहर्ट्‌झच्या एका लहरीला टेपवर केवळ ४.७६ मायक्रॉन जागा मिळते. एका बाजूचा ट्रॅक साधारण ०.६ मिलिमीटर रुंद असतो. हिशेब केला तर लक्षात येते की, हेड अर्ध्या अंशापेक्षाही कमी कलले तरी तो स्वर जवळजवळ पूर्ण पुसला जातो.

अ‍ॅझिमथचा स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याची मूळ स्थिती मार्करने खुणावून ठेवावी. दोन्ही बाजू मोनोमध्ये एकत्र ऐकत स्क्रू अगदी हळू फिरवावा आणि आवाज सर्वांत स्पष्ट होईल तिथे थांबावे. चाचणी स्वर वापरत असाल तर आधी १ किलोहर्ट्‌झवर आणि मगच १० वर जावे, अन्यथा आवाज मोठा वाटणाऱ्या पण चुकीच्या जागी थांबण्याचा धोका असतो. दुसऱ्या डेकवर रेकॉर्ड केलेल्या कॅसेटचा तिरपेपणा वेगळा असू शकतो, म्हणून एका कॅसेटवरून निष्कर्ष काढू नये.

हेड बदलण्याची घाई करू नये. टेपच्या कडा जिथे टेकतात तिथे नखाला ठळक खाच लागत नसेल, तर तेच हेड ठेवावे. नव्या हेडचे इंडक्टन्स (एक विद्युत गुणधर्म) वेगळे निघाले की बायस (रेकॉर्ड करताना आवाजासोबत हेडला दिला जाणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह) आणि इक्वलायझेशन (तीव्र व खर्ज स्वरांचा समतोल) दोन्ही नव्याने लावावी लागतात.

प्रतिसाद ३

कपॅसिटरना सरसकट निर्दोष ठरवणे मला पटत नाही. वीजपुरवठ्यातले, विशेषतः तापणाऱ्या रेझिस्टरशेजारचे इलेक्ट्रोलिटिक वाळतात, म्हणून गुणगुण ऐकू येत असेल किंवा ते फुगलेले दिसत असतील तर अवश्य बदलावेत. परंतु इक्वलायझेशनमधल्या फिल्म कपॅसिटरना हात लावू नये, कारण साध्या टेपसाठी १२० आणि क्रोमसाठी ७० मायक्रोसेकंद ही कालमाने त्यांच्यावर अवलंबून असतात. ऑप-अँपबाबत माझे मत ठाम आहे: टेपची स्वतःची सरसर चांगल्या स्थितीतल्या मूळ आयसीच्या नॉइजपेक्षा जास्त असते, आणि जुन्या बोर्डावर बसवलेली जलद आयसी ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर दोलन करू शकते. खरी सुधारणा हवी असेल तर समोरच्या बाजूला बायसचा नॉब आणावा. बायस वाढवला की तीव्र स्वर कमी होतात. फार कमी केला तर ते वाढतात, पण विकृतीही वाढते. प्रत्येक टेपनुसार हा समतोल साधता येणे मोलाचे आहे.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. चाचणी कॅसेट हाताशी नसेल तर अ‍ॅझिमथ कशावर लावावा?

प्रतिसाद २

कंपनीने छापलेल्या, झांज किंवा मंजिऱ्यांचा आवाज स्पष्ट असलेल्या तीनचार वेगवेगळ्या कॅसेट घ्याव्यात, डॉल्बी बंद ठेवावी आणि बहुतेक कॅसेटवर जुळेल ती स्थिती निवडावी. मग स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडून तो पक्का करावा.